नॉक्स-२ एन्झाइम आणि त्याचं सीवायबीबी जनुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा गळवं होणाऱ्या मुलांचे आईवडील, जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि ‘फ्री रॅडिकल’च्या जाहिरातींनी गोंधळलेले वाचक, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे माहिती नसल्यामुळे मुलांचं नुकसान होतं, तिथे मी जास्त लिहिलं आहे. उपचारांचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

नॉक्स-२ म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. त्यांत न्यूट्रोफिल सर्वांत जास्त. ऊतींमध्ये हेच काम मॅक्रोफेज करतात. या पेशींच्या पटलात नॉक्स-२ हे एन्झाइम बसलेलं असतं. पेशीच्या आतल्या एनएडीपीएच या रेणूकडून ते इलेक्ट्रॉन घेतं आणि पटलाच्या पलीकडच्या ऑक्सिजनला देतं. असा एक जादा इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड.

शरीरात क्रियाशील ऑक्सिजन इतरत्रही तयार होतो. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. ती गळती झाली. नॉक्स-२ सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतं, त्याला दुसरं काही कामच नाही. हा फरक नीट लक्षात घेतला तर पुढचं सगळं सोपं जातं.

फ्री रॅडिकल तर वाईट असतात ना? मग शरीर ते स्वतःहून का बनवेल?

सुपरऑक्साइड चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी किंवा फार काळ तयार होत राहिला तर ऊतींना इजा होते, यात शंका नाही. पण ‘फ्री रॅडिकल म्हणजे विष, ते शरीरातून काढून टाका’ हे जाहिरातीतलं वाक्य चुकीचं आहे, आणि मला ते मनापासून खटकतं. ज्या मुलांच्या पांढऱ्या पेशींना हे रॅडिकल बनवताच येत नाही, अशी मुलं जगात आहेत. त्यांच्या फुफ्फुसात साधी, हवेत सगळीकडे असणारी बुरशी घर करते. त्यांच्या यकृतात पू होतो. १९५०च्या दशकात अशी बहुतेक मुलं बालपणीच दगावायची. त्या आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, थोडक्यात सीजीडी. ऑक्सिजनची ही रूपं आपल्याला किती लागतात, हे या मुलांकडे पाहून कळतं.

गिळलेल्या जंतूचं पुढे काय होतं?

न्यूट्रोफिल जंतूभोवती आपलं पटल गुंडाळतो आणि त्याला एका बंद कप्प्यात घेतो. या कप्प्याला फॅगोसोम म्हणतात. काही सेकंदांतच कप्प्याच्या भिंतीतलं नॉक्स-२ चालू होतं आणि पेशीचा ऑक्सिजनचा खप अनेक पटींनी वाढतो. कप्प्यात सुपरऑक्साइड भरतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो. मग मायेलोपेरॉक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. घरातल्या ब्लीचचा मूळ गुण याच आम्लाचा. पुवाला हिरवट झाक येते तीही मायेलोपेरॉक्सिडेजमुळे, कारण त्याचा रंगच हिरवा आहे.

पण जंतू केवळ ब्लीचने मरतो, असं समजू नका. मायेलोपेरॉक्सिडेज जन्मतःच नसलेली माणसं बरीच असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नाही. म्हणजे खरा आधार त्याआधीच्या पायरीचा, सुपरऑक्साइडचा आहे. इलेक्ट्रॉन कप्प्यात शिरतात तसा आत ऋण विद्युतभार साचतो आणि त्याचा तोल सांभाळायला प्रोटॉन आणि इतर आयन आत येतात. या हालचालीने कप्प्यातली आम्लता आणि क्षार बदलतात आणि पेशीची प्रथिनं कापणारी एन्झाइम जोमाने कामाला लागतात, असं काही संशोधकांनी दाखवलं. शिवाय न्यूट्रोफिल मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतो, त्यासाठीही बऱ्याचदा नॉक्स-२ लागतं. या सगळ्यातला कोणता भाग किती महत्त्वाचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

इतकं दाहक रसायन बनवणारं एन्झाइम नेहमी चालू का नसतं?

कारण त्याचे भाग एरवी एकमेकांपासून लांब असतात, जसं घरात काड्यापेटी आणि रॉकेल शेजारी ठेवत नाहीत. जीपी९१-फॉक्स आणि पी२२-फॉक्स ही दोन प्रथिनं जोडीने पटलात असतात. पी४७, पी६७ आणि पी४० हे तीन साथीदार पेशीद्रवात असतात. रॅक-२ नावाचं एक छोटं प्रथिन वेगळंच राहतं. जंतू आल्याचा संदेश मिळाला की पी४७ला फॉस्फेट गट जोडले जातात, त्याचा घडी घातलेला आकार उघडतो आणि तो बाकीच्यांना घेऊन पटलाकडे जातो. सगळे जमले की इलेक्ट्रॉन वाहू लागतो: एनएडीपीएचकडून एन्झाइममधल्या एफएडी या सहायक रेणूकडे, तिथून लोह असलेल्या दोन हीम गटांमधून पलीकडच्या ऑक्सिजनकडे.

‘नॉक्स-२’ हे नाव काटेकोरपणे जीपी९१-फॉक्स या मुख्य प्रथिनाचं. व्यवहारात अख्ख्या संचालाही लोक तेच म्हणतात. २०२२ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी नॉक्स-२ आणि पी२२ यांच्या जोडीची अणुपातळीवरची रचना दिसली.

सीवायबीबी जनुक कुठे असतं आणि केवढं असतं?

एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, एक्सपी२१ या भागात. लांबी साधारण ३० हजार बेस जोड्या, एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) १३, आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ५७० अमिनो आम्लं. प्रथिनाला साखरेच्या साखळ्या लागून त्याचं वजन ९१ हजार डाल्टनच्या आसपास भरतं, म्हणून जीपी९१.

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे कुटुंबातला वारसा ठरावीक पद्धतीने चालतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सीजीडी फक्त याच जनुकातल्या दोषामुळे होतो का?

नाही. पाश्चात्त्य देशांत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत दोष सीवायबीबीत सापडतो. उरलेल्यांत तो साथीदार प्रथिनांच्या जनुकांत असतो: पी२२साठी सीवायबीए, पी४७साठी एनसीएफ१, पी६७साठी एनसीएफ२ आणि क्वचित पी४०साठी एनसीएफ४. अलीकडे सीवायबीसी१ या आणखी एका जनुकाची भर पडली. त्याचं प्रथिन जीपी९१ आणि पी२२ नीट जुळून टिकावेत म्हणून लागतं.

एनसीएफ१ची गोष्ट तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सातव्या गुणसूत्रावर त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारख्याच दोन निकामी प्रती आहेत आणि त्या प्रतींत डीएनएची दोन अक्षरं गळलेली आहेत. कधीकधी निकामी प्रतीतला तुकडा चांगल्या जनुकात येतो आणि तेही बंद पडतं. या सारखेपणामुळे नेहमीच्या जनुकीय चाचणीत हा दोष निसटू शकतो. म्हणून ‘जीन टेस्ट नॉर्मल आली’ एवढ्यावर सीजीडी नाही असं धरू नये. एन्झाइमचं काम मोजणारी चाचणी व्हायलाच हवी.

हे एन्झाइम आणि हे जनुक सापडले कसे?

हा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडा लांब लिहितो.

१९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांना दिसलं की पांढऱ्या पेशींना जंतू गिळायला दिले की त्या जास्त ऑक्सिजन वापरतात. बरीच वर्षं लोकांना वाटलं, गिळायला मेहनत पडते म्हणून श्वसन वाढत असेल. पण पुढे कळलं की ऑक्सिजन नसतानाही या पेशी जंतू गिळू शकतात, आणि मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन सायनाइडने थांबवलं तरी ही वाढ होतेच. मग तो ऑक्सिजन जातो कुठे? १९६१ मध्ये अय्यर, इस्लाम आणि क्वास्टेल यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की जंतू गिळणाऱ्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. १९७३ मध्ये बेबिअर, किप्नेस आणि कर्नट यांनी दाखवलं की त्याआधी सुपरऑक्साइड बनतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमचा शोध मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्येच लावला होता, म्हणून हे मोजणं जमलं.

दुसरीकडे डॉक्टर एका कोड्याशी झुंजत होते. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात बेरेंडीस, ब्रिजेस आणि गुड यांनी काही मुलग्यांचं वर्णन केलं. सतत जंतुसंसर्ग, ठिकठिकाणी गाठी आणि अखेर मृत्यू. पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी नव्हती. १९६७ मध्ये उलगडा झाला: या मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतू व्यवस्थित गिळतात, पण त्यांचा ऑक्सिजनचा खप वाढत नाही आणि गिळलेले जंतू आत जिवंत राहतात. १९७८ मध्ये सीगल आणि जोन्स यांना न्यूट्रोफिलमध्ये एक वेगळं सायटोक्रोम बी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारं हीमयुक्त प्रथिन सापडलं, जे यांतल्या काही रुग्णांत नव्हतं.

जनुक मात्र प्रथिनाच्या वाटेने सापडलं नाही. एका मुलाला सीजीडी, ड्युशेन स्नायुविकार, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आणि मॅक्लिऑड रक्तदोष (लाल पेशींवरचं एक प्रथिन नसणं) असे चार विकार एकत्र होते. त्याच्या एक्स गुणसूत्राचा एक तुकडाच गायब आहे, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. याचा अर्थ ही जनुकं त्याच तुकड्यावर शेजारी शेजारी असणार. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने त्या भागातली, जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये चालू असणारी जनुकं शोधली आणि १९८६ मध्ये सीवायबीबी हाती लागलं. प्रथिन काय आहे हे माहीत नसताना, केवळ गुणसूत्रावरच्या जागेवरून मिळालेलं हे पहिलं मानवी आजाराचं जनुक. १९८७ मध्ये ते सायटोक्रोम बीच्या मोठ्या प्रथिनाचंच असल्याचं सिद्ध झालं. याच आजारी मुलाच्या रक्ताच्या नमुन्यातून ड्युशेनच्या जनुकाच्या शोधालाही मदत झाली. त्याचं ऋण मोठं आहे.

कोणत्या लक्षणांवरून सीजीडीचा संशय घ्यावा?

साध्या सर्दी-तापावरून घेऊ नका. लहान मूल वर्षातून अनेकदा सर्दीने आजारी पडतं, ते स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो असा त्रास दिसला की: मानेच्या किंवा काखेच्या गाठीत पू होऊन चिरा द्यावा लागणं आणि तेच पुन्हा होणं, गुदद्वाराजवळ वारंवार गळू, यकृतात गळू, हाडात संसर्ग, किंवा फुफ्फुसात अॅस्परजिलस बुरशी. यातलं एक जरी ठळकपणे झालं तरी तपासणी करून घ्यावी. यकृतातला पू या मुलांत दाट असतो आणि सुईने सहज ओढला जात नाही, त्यामुळे उपचार लांबतात.

जंतूंचे काही प्रकारही खूण देतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर सगळ्यांनाच होतो. पण सेराशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया किंवा अॅस्परजिलस असं कल्चर रिपोर्टवर आलं की डॉक्टरांनी सीजीडी आठवलाच पाहिजे. अॅस्परजिलस निड्युलन्स ही बुरशी तर सीजीडीखेरीज सहसा दिसतच नाही. या मुलांत बुरशीचा संसर्ग पुष्कळदा गाजावाजा न करता वाढतो. ताप किरकोळ, खोकला किरकोळ, आणि एक्स-रे मात्र धक्का देणारा.

काही मुलांत जंतूंपेक्षा दाहच जास्त त्रास देतो. आतड्याला सूज, जुलाब, वजन न वाढणं, जठरातून आतड्यात जाणाऱ्या तोंडाशी किंवा मूत्रमार्गात गाठ येऊन अडथळा. त्यांच्यावर पोटाच्या आजाराचेच उपचार चालू राहतात आणि पांढऱ्या पेशींकडे लक्ष जात नाही.

ऑक्सिजनची संयुगं नसतील तर दाह कमी व्हायला हवा. मग या मुलांना दाह जास्त का?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर ‘फ्री रॅडिकल म्हणजे दाह’ या समजाच्या अगदी उलट आहे. नॉक्स-२ मधून निघणारी संयुगं दाह पेटवतात तशी तो विझवायलाही मदत करतात. ती नसली तर मेलेल्या पेशींचा निचरा नीट होत नाही, दाहाचे संदेश बंद होत नाहीत आणि पेशींची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तशीच राहते. २००३ मध्ये उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं की ज्यांच्यात पी४७च्या जनुकातल्या फरकामुळे ऑक्सिजन संयुगं कमी बनतात, त्यांना सांधेदाह जास्त तीव्र होतो. माणसांतही एनसीएफ१ मधल्या एका फरकाचा ल्युपसशी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराशी संबंध आढळला आहे.

आमच्या मुलाच्या बायोप्सीत ग्रॅन्युलोमा आला आणि टीबीची औषधं सुरू झाली. तो सीजीडी असू शकतो का?

असू शकतो. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की पहिला विचार टीबीचा होतो आणि टीबीचं प्रमाण पाहता तो योग्यच आहे. शिवाय सीजीडी असलेल्या मुलाला खरा टीबीही होऊ शकतो, तेव्हा औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण टीबीचा जंतू कल्चरमध्ये किंवा जनुकीय चाचणीत सापडलेला नाही, औषधांचा कोर्स पूर्ण करूनही गाठी येतच आहेत, किंवा एकाच मुलाला टीबीच्या औषधांचा दुसरा-तिसरा कोर्स द्यायची वेळ आली आहे, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘डीएचआर चाचणी (नॉक्स-२ काम करतं का हे पाहणारी रक्तचाचणी, पुढे सविस्तर) करून घेऊया का?’ हा एक प्रश्न विचारायला कोणाचीही भीड बाळगू नये.

बीसीजीच्या लशीचा काय संबंध?

बीसीजीत जिवंत, कमजोर केलेला जंतू असतो. भारतात ती जन्मल्याबरोबर देतात, सीजीडी कळण्याच्या कितीतरी आधी. निरोगी बाळाला डाव्या दंडावर फोड येऊन छोटा व्रण राहतो. सीजीडीच्या काही बाळांत तो व्रण भरत नाही, काखेतली गाठ सुजून फुटते, क्वचित जंतू शरीरभर पसरतो. नुसती काखेत छोटी गाठ आली म्हणून घाबरू नका, ती निरोगी बाळांतही येते. पण ती वाहू लागली आणि महिनोन्‌महिने बरी होईना, तर तो पहिला इशारा असू शकतो.

पोलिओ, गोवर यांसारख्या विषाणूंच्या लशी सीजीडीच्या मुलांना चालतात. टाळायच्या त्या जिवंत जिवाणूंच्या: बीसीजी आणि तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस.

डीएचआर चाचणी कशी करतात?

काही थेंब रक्त पुरतं. ते हेपरिनच्या हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात. प्रयोगशाळेत त्यात डायहायड्रोरोडामीन मिसळतात. हा रेणू पेशीत शिरतो, पण स्वतः चमकत नाही. मग पीएमए नावाचं रसायन घालून न्यूट्रोफिलला चेतवतात आणि नळी ३७ अंश सेल्सिअसला थोडा वेळ ठेवतात. नॉक्स-२ चालू झालं तर तयार झालेल्या पेरॉक्साइडमुळे त्या रेणूचा रोडामीन होतो आणि पेशी हिरवी चमकू लागते. फ्लो सायटोमीटर एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजतो.

निकाल आलेखावर दिसतो. निरोगी माणसाचा उंचवटा चेतवल्यावर डावीकडून सरळ उजवीकडे जातो. सीवायबीबीचं काम पूर्ण बंद असलेल्या मुलाचा उंचवटा जागचा हलत नाही. पी४७चा दोष असेल तर तो थोडासा सरकतो आणि रुंद, पसरट होतो. आणि वाहक आईच्या, म्हणजे दोनपैकी एका एक्सवर सदोष जनुक असलेल्या आईच्या आलेखावर दोन उंचवटे दिसतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एकाच स्त्रीच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी. पहिल्यांदा हा आलेख पाहणारा विद्यार्थी थबकतोच.

गावाहून नमुना पाठवायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. तो बर्फात ठेवू नका आणि एक-दोन दिवसांत पोहोचेल असं बघा. न्यूट्रोफिल फार काळ जगत नाही. दुसरं, त्याच वेळी एका निरोगी, नात्याबाहेरच्या माणसाचं रक्त घेऊन त्याच डब्यातून पाठवा. प्रवासात पेशी मेल्या असतील तर त्या माणसाचाही आलेख बिघडलेला दिसेल आणि मुलावर चुकीचा शिक्का बसणार नाही.

१९६८ पासून वापरात असलेली एनबीटी ही जुनी चाचणीही आहे. तिच्यात पिवळा रंग पेशीत निळा-काळा होतो. ती स्वस्त आहे, पण सौम्य रुग्ण आणि वाहक तिच्यातून निसटू शकतात.

एक अपवाद: एनएडीपीएच बनवायला लागणाऱ्या जीसिक्सपीडी या एन्झाइमची अगदी तीव्र कमतरता असेल तर एनएडीपीएचच अपुरं पडतं आणि चित्र सीजीडीसारखं दिसू शकतं. नेहमी आढळणाऱ्या साध्या जीसिक्सपीडी कमतरतेत असं होत नाही.

ही चाचणी महाराष्ट्रात कुठे होते?

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर तिथे बरीच वर्षं काम चालू आहे. फ्लो सायटोमीटर असलेल्या इतर मोठ्या प्रयोगशाळांतही विचारता येईल.

हा आजार फक्त मुलग्यांनाच होतो का?

सीवायबीबीचा दोष असेल तर बहुतांशी मुलग्यांनाच. मुलाला एक्स गुणसूत्र एकच आणि ते आईकडून येतं. म्हणून कुटुंबाचा इतिहास विचारताना आईच्या बाजूला जावं लागतं. मुलाचा एखादा मामा लहानपणी गेला होता का? मावशीच्या मुलांना गळवं होतात का? आजीची भावंडं बालपणी दगावली होती का? घरच्यांना तेव्हा कारण कळलेलं नसतं, ‘तापाने गेला’ एवढंच सांगतात. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. काही वेळा आईत दोष नसतोच, तो मुलात नव्याने आलेला असतो. आईला दोष देणाऱ्या नातेवाइकांना हे ठणकावून सांगा: जनुकातला बदल कोणी केलेला नसतो आणि कोणाच्या वागण्याने येत नाही.

साथीदार प्रथिनांच्या जनुकांतला दोष मुलींनाही तितकाच होतो. त्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत ही शक्यता वाढते, कारण दोघांकडे एकाच पूर्वजाची प्रत असू शकते.

वाहक आईला स्वतःला काही त्रास होतो का?

पुष्कळदा होतो आणि तो दुर्लक्षित राहतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. कोणता बंद होईल, हे पेशीगणिक वेगळं. त्यामुळे वाहक स्त्रीच्या काही न्यूट्रोफिलमध्ये एन्झाइम चालतं, काहींत नाही. अनेकींना उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे, तोंडात वारंवार व्रण, अंगदुखी, थकवा असा ल्युपससारखा त्रास होतो. चांगल्या पेशींचं प्रमाण दहा-वीस टक्क्यांच्याही खाली गेलं तर त्यांनाही सीजीडीसारखे संसर्ग होऊ शकतात, आणि वयानुसार हे प्रमाण बदलतं. मुलाची फाईल घेऊन येणाऱ्या आईलाही तिचं कसं चाललंय ते विचारलं पाहिजे.

रोजचे उपचार कोणते?

पाया दोन औषधांचा: जिवाणूंसाठी रोज कोट्रायमॉक्सझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा त्या गटातलं दुसरं औषध. मूल ठणठणीत असतानाही ती चालू ठेवायची. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या अभ्यासात इट्राकोनाझोल घेताना एकालाच गंभीर बुरशी संसर्ग झाला, तोही औषध नीट न घेणाऱ्याला. बिनऔषधी गोळी घेताना तो सात जणांना झाला. तिसरं औषध म्हणजे इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शनं. १९९१च्या १२८ रुग्णांच्या अभ्यासात ते घेणाऱ्या ६३ पैकी १४ जणांना गंभीर संसर्ग झाला, न घेणाऱ्या ६५ पैकी ३० जणांना. ते महाग आहे आणि सगळीकडे वापरत नाहीत.

ताप आला की थांबून पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

आमची शेती आहे, घरी गोठा आहे. मुलाने काय टाळायचं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि उत्तर फार महत्त्वाचं आहे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, शेणखतात, ओल्या कडब्यात अॅस्परजिलसचे बीजाणू प्रचंड असतात. सीजीडीच्या रुग्णाने खत उकरलं, गंजी उपसली किंवा पाचोळा झाडला तर ते एका दमात श्वासातून आत जातात, आणि काही दिवसांतच दम लागून ऑक्सिजन लावायची वेळ येऊ शकते. अशा वेळी बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही लागतं, म्हणून डॉक्टरांना ‘हा खतात खेळला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

मुलाला घरात कोंडून ठेवायचं नाही. त्याने शाळेत जावं, मैदानावर खेळावं. मळणी चालू असताना, उकिरडा उपसताना, पावसाळ्यानंतर बंद खोली किंवा जुनी भिंत पाडताना त्याला लांब ठेवा. साचलेल्या पाण्यात पोहू देऊ नका. शाळेतल्या बागकामाच्या तासाला सूट मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र द्या.

हा आजार पूर्ण बरा होतो का?

जुळणारा दाता मिळाला तर बोनमॅरो प्रत्यारोपणाने होतो, आणि गंभीर संसर्ग किंवा अवयवांची हानी होण्याआधी ते केलेलं चांगलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांच्या न्यूट्रोफिलमध्ये थोडंसं जरी सुपरऑक्साइड बनतं, ते रुग्ण जास्त जगतात. म्हणजे कोणत्या मुलाचं प्रत्यारोपण लवकर करायचं, हे ठरवायला चाचणीतला तो छोटा आकडाही उपयोगी पडतो.

प्रत्यारोपणाआधी किंवा रक्त देण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. सीवायबीबीच्या शेजारी एक्सके जनुक आहे. मोठा तुकडा गायब असेल तर मुलाला मॅक्लिऑड दोषही असतो. अशा मुलाला साधं रक्त चढवलं तर त्याच्या शरीरात असे प्रतिपिंड तयार होऊ शकतात की पुढे त्याला जुळणारं रक्त मिळणंच मुश्कील होतं.

जीन थेरपीचा रस्ता सरळ गेला नाही. २००६ मध्ये फ्रँकफर्टमधल्या दोन प्रौढ रुग्णांवरच्या उपचाराची बातमी आशादायक होती. पुढे चांगलं जनुक पेशीत नेणारा विषाणूवाहक चुकीच्या जागी बसल्यामुळे दोघांनाही बोनमॅरोचा विकार झाला. नंतर लेंटिव्हायरस हा जास्त सुरक्षित विषाणूवाहक वापरला गेला. २०२० मध्ये नऊ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यांतले दोघं आधीच्या गुंतागुंतीमुळे उपचारानंतर लवकर दगावले. उरलेल्या सातपैकी सहांच्या रक्तात वर्षभरानेही काम करणाऱ्या न्यूट्रोफिल टिकून होत्या, १६ ते ४६ टक्के. २०२५ मध्ये पी४७च्या दोषासाठी प्राइम एडिटिंगचा, म्हणजे डीएनएतली अक्षरं जागच्या जागी दुरुस्त करण्याच्या तंत्राचा माणसावरचा पहिला वापर जाहीर झाला. गळलेली दोन अक्षरं परत बसवण्याचा हा प्रयत्न आहे. हे सगळं अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे, नेहमीचा उपचार नाही.

खर्चासाठी सरकारी मदत आहे का?

आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांत, सीजीडीचं नाव आहे. ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक आहे.

मी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतो. त्याने माझं नॉक्स-२ बंद पडेल का?

नाही, इतक्या सहज नाही. फॅगोसोम हा बंद कप्पा आहे आणि त्यात सुपरऑक्साइड फार जोरात तयार होतो. पण गोळ्यांनी फायदा होतोच, हेही धरून चालू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, १९९४ मध्ये, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पेरू, आवळा, पालेभाज्या जरूर खा.

नॉक्स-१, नॉक्स-४ वगैरेही असतात का?

असतात. नॉक्स-१ ते नॉक्स-५ आणि ड्युऑक्स-१, ड्युऑक्स-२ अशी माणसात सात जणांची भावंडं आहेत. थायरॉइडचं संप्रेरक बनवायला लागणारा पेरॉक्साइड ड्युऑक्स-२ पुरवतं. त्यात दोष असेल तर बाळाला जन्मतः थायरॉइड कमी असू शकतो. नॉक्स-३ आतल्या कानात असतं. ते बिघडलेल्या उंदरांची मान कलते, कारण तोल सांभाळणारे कानातले सूक्ष्म खडे बनत नाहीत. नॉक्स-५ तर उंदरांत नाहीच, त्यामुळे त्याचा अभ्यास अवघड जातो.

घरात एका मुलाला सीजीडी निघाला. आता बाकीच्यांनी काय करायचं?

आधी आईची डीएचआर, मग सगळ्या भावंडांची, ती ठणठणीत असली तरी. दोष सीवायबीबीत असेल तर मावश्या आणि त्यांच्या मुलांनाही कळवा. हा फोन करणं जड जातं, पण कराच. दोष नेमका कोणत्या अक्षरात आहे हे जनुकीय चाचणीने शोधून तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या गरोदरपणात वेळेवर, साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात, गर्भाची तपासणी करायची तर तोच लागतो.

मावशीला किंवा बहिणीला मूल होणार असेल तर प्रसूती होणाऱ्या रुग्णालयाला आधीच लेखी कळवा की बाळाला जन्मल्यावर बीसीजी देऊ नका. नाळेच्या किंवा बाळाच्या रक्ताची डीएचआर करा. निकाल चांगला आला तर बीसीजी नंतर देता येते. प्रसूतिगृहात लस सकाळच्या फेरीत, नातेवाइकांना न विचारताच दिली जाते, म्हणून ते पत्र बाळंतिणीच्या केसपेपरला टाचून ठेवा आणि ड्युटी बदलली की नव्या सिस्टरलाही दाखवा.